मणक्याचा संधिवात, बायोलॉजिक इंजेक्शन आणि अचानक लाल झालेला डोळा

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, असलेल्या माणसाचा एकच डोळा अचानक लाल झाला, ठणकायला लागला आणि उजेडाकडे बघवेना, तर आधी युव्हियायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, समजायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. नंतर ते साधे डोळे आलेले निघाले तर एक फेरी फुकट गेली, एवढंच. उलट झालं तर मात्र महागात पडतं. बायोलॉजिकवर, म्हणजे सूज वाढवणारे शरीरातले ठरावीक रेणू रोखणाऱ्या इंजेक्शनांवर, असलेली मंडळी इथेच जास्त फसतात. एवढं महागाचं इंजेक्शन चालू आहे, कंबर मोकळी झाली आहे, सकाळी उठता येतंय, म्हणजे आजार आटोक्यात आहे आणि डोळ्याचं काहीतरी वेगळंच असणार, असं त्यांना वाटतं.

पाठ आणि डोळा एकाच तालावर चालत नाहीत. पाठ शांत असताना डोळा पेटू शकतो आणि पाठ आखडलेली असताना डोळा वर्षानुवर्षं ठणठणीत राहू शकतो. दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा एचएलए-बी२७ हे जनुक असतं. त्याचा या संधिवाताशी असलेला संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दाखवला आणि त्याच वर्षी डोळ्याच्या या दाहाशीही तो जोडला गेला. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या साधारण चारपैकी एका रुग्णाला कधी ना कधी युव्हियायटिस होतो आणि आजार जितका जुना तितकी ही शक्यता वाढत जाते. म्हणजे 'मला दहा वर्षांत कधी झालं नाही' याला फारसा अर्थ नाही.

डोळे आलेत की आत सूज आहे?

महाराष्ट्रात पावसाळ्यात लाल डोळा दिसला की सगळे एकच निदान करतात. जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा तर लाल डोळ्याला दुसरं काही कारण असू शकतं हे कुणी ऐकूनही घेत नव्हतं. अशा साथीतच युव्हियायटिसचा रुग्ण चार-पाच दिवस घरी बसून राहतो.

फरक ओळखायला अवघड नाही. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, खाज सुटते, टोचतं, आणि एक-दोन दिवसांत बहुतेकदा दुसराही डोळा लाल होतो. युव्हियायटिसमध्ये घाण येत नाही, नुसतं पाणी येतं. दुखणं खोल असतं, भुवईपर्यंत जाणारं. लाली सगळ्या पांढऱ्या भागावर सारखी नसते, बुबुळाच्या कडेला गोल कड्यासारखी जास्त गडद असते. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसू शकते. नजर किंचित धुरकट होते. आणि उजेड नकोसा होतो, इतका की माणूस दिवसाढवळ्या पडदे ओढून घेतो.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. दुखणारा डोळा मिटून तळव्याने झाका आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड चांगल्या डोळ्यावर पाडा. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. त्यामुळे आत सूज असेल तर झाकलेला डोळा दुखतो. असं झालं तर शंकाच ठेवू नका. झालं नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका.

ज्यांना आधी एकदा होऊन गेलंय त्यांना बहुतेकदा टॉर्चचीही गरज लागत नाही. लाली दिसायच्या आदल्या दिवशीच डोळ्यात एक जडपणा येतो, वाचताना खुपतं, आणि त्यांना कळतं. ही जाणीव खरी माना. त्या टप्प्यावर उपचार सुरू झाले तर दुखणं लवकर आवरतं.

पहिले चोवीस तास

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून नेमकं एवढं सांगा: 'मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे, एक डोळा लाल आहे, दुखतोय आणि उजेड सहन होत नाही.' एवढं ऐकल्यावर बहुतेक ठिकाणी आजची वेळ मिळते. 'डोळा लाल झालाय' एवढंच सांगितलंत तर परवाची मिळेल.

यासाठी पुण्या-मुंबईतला मोठा तज्ज्ञ शोधत बसायची गरज नाही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्प (उजेडाच्या बारीक झोतात डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारं यंत्र) असतो आणि पहिल्या दिवसाचं काम तिथे होतं. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीत मात्र हे कळत नाही. रविवार असेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात जाऊन डोळ्यांचे डॉक्टर कोण आहेत ते विचारा.

मेडिकलमधून विचारून थेंब आणू नका. हा सल्ला सगळेच देतात, पण कारण कुणी सांगत नाही. दुकानदार बहुतेकदा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली देतो. तिच्यातल्या स्टिरॉइडने युव्हियायटिस अर्धवट दबतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि तोवर आत बुबुळ मागच्या भिंगाला चिकटायला सुरुवात झालेली असते. दुसरा धोका याहून वाईट. लाल डोळ्यामागे नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा पारपटलावरचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावरचा) व्रण असेल, तर विषाणूच्या औषधाशिवाय टाकलेलं स्टिरॉइड तो व्रण पसरवतं. बायोलॉजिकमुळे प्रतिकारशक्ती दाबलेली असताना हा धोका हलक्यात घेण्यासारखा नाही. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यांबद्दल वेगळं लिहीत नाही. आजी रागावली तरी चालेल.

सोबत काय न्यायचं? बायोलॉजिकचं नाव, शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते, ते सुरू करण्याआधीचा छातीचा एक्स-रे आणि टीबीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, बाकीच्या गोळ्या. काळा गॉगल, आणि गाडी चालवायला कुणीतरी. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास दुचाकी चालवता येत नाही.

तपासणीच्या खुर्चीत

स्लिट लॅम्पवर हनुवटी खालच्या कपात आणि कपाळ वरच्या पट्ट्याला टेकवायचं असतं. ज्यांची मान आखडलेली आहे किंवा पाठीला बाक आला आहे त्यांना हे जमतच नाही. कपाळ टेकलं तर हनुवटी सुटते. मदतनीस मागून डोकं पुढे ढकलतो आणि रुग्ण बिचारा संकोचाने सहन करतो. असं करू देऊ नका. मणके जोडले गेलेली मान ठिसूळ असते, जोराने ढकललेली चालत नाही. आधीच सांगा: 'माझी मान वळत नाही, वाकत नाही.' टेबल खाली-वर करून, स्टूल पुढे-मागे सरकवून, कधी उभं राहून कमरेतून झुकून जमतं. नाहीच जमलं तर हातात धरायचा स्लिट लॅम्प मागा. मोठ्या रुग्णालयांत तो असतो.

डॉक्टर आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजतात. एक मिलिमीटर लांब-रुंद उजेडाच्या झोतात किती पेशी दिसतात त्यावरून श्रेणी ठरते: ६ ते १५ असतील तर १+, १६ ते २५ असतील तर २+, २६ ते ५० असतील तर ३+, त्यापुढे ४+. ही मोजणी २००५ पासून जगभर एकसारखी वापरली जाते. म्हणून ती फाइलवर लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर 'सूज होती' यापेक्षा '३+ होती, आठवड्यात १+ झाली' याचा उपयोग शंभरपट जास्त.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी झाल्या का ते बघा: डोळ्यातला दाब मोजला का, बुबुळ भिंगाला कुठे चिकटलंय का ते पाहिलं का, आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासला का. शेवटची गर्दीच्या ओपीडीत राहून जाते. पुढच्या भागातल्या सुजेमुळेही मागे पडद्याच्या मध्यभागी पाणी साचू शकतं. लाली गेली, दुखणं गेलं, तरी नजर साफ होत नसेल तर ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करायला सांगा.

थेंबांचं शास्त्र

उपचार दोन प्रकारच्या थेंबांनी सुरू होतो. एक स्टिरॉइडचा, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का. दुसरा बाहुली मोठी करणारा: ॲट्रोपिन, होमॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट. पहिला सूज उतरवतो. दुसरा आतल्या स्नायूची आखडण सोडवतो, म्हणजे ठणका कमी होतो, आणि बाहुली हलती ठेवतो, म्हणजे ती चिकटत नाही.

प्रेडनिसोलोन ॲसिटेटची बाटली दर वेळी नीट हलवा. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण तळाशी बसतात. न हलवता टाकलात तर डोळ्यात नुसतं पाणी जातं आणि बाटली संपत आल्यावर शेवटचे थेंब दुधासारखे घट्ट पडतात. 'थेंब लागू पडत नाहीत' या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच कारण असतं.

सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब असं सांगतात. ऐकताना अतिशयोक्ती वाटते, पण तसंच करायचं असतं. मोबाइलवर गजर लावा आणि ऑफिसात सांगून ठेवा. दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा. थेंब पडल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर दाब द्या, म्हणजे औषध घशात उतरत नाही. एकच थेंब पुरतो, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही.

मान मागे जात नसेल तर आरशासमोर उभं राहून थेंब टाकायची कसरत सोडा. डोक्याखाली हव्या तेवढ्या उशा घेऊन पाठीवर आडवे व्हा. डोळा मिटा, नाकाकडच्या खळग्यात थेंब टाका आणि मग हळूच डोळा उघडा. थेंब आपोआप आत सरकतो. बोटं आखडलेल्यांना आणि हात थरथरणाऱ्यांनाही हे जमतं.

ॲट्रोपिन घातल्यावर जवळचं धूसर दिसतं आणि तोंड कोरडं पडतं. त्याचा परिणाम आठवडाभरही टिकू शकतो, होमॅट्रोपिनचा एक ते तीन दिवस. कामावर बारीक अक्षर वाचावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारून कमी टिकणारं औषध घेता येतं. थेंब घातल्यावर हात धुवा, नाहीतर तोच हात चांगल्या डोळ्याला लागतो आणि तीही बाहुली मोठी होऊन बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार-पाच दिवसांत डोळा पांढरा होतो आणि माणूस थेंब बंद करतो. बाहेरची लाली गेली म्हणजे आतल्या पेशी गेल्या असं नाही. त्या फक्त स्लिट लॅम्पवरच दिसतात. थेंब तासाचे दोन तासांवर, मग दिवसाला चार, तीन, दोन, एक असे उतरवत न्यायचे असतात आणि या उतरणीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. मधेच तोडलं की सूज उसळते आणि पुन्हा तासाच्या थेंबांपासून सुरुवात. कागदावर तारखांसकट उतरण लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

या काळात डोळ्यातला दाब पुन्हा मोजून घ्यायला हवा. काही लोकांचा दाब स्टिरॉइडने वाढतो, त्यांना जाणवत काहीच नाही, आणि काचबिंदू गुपचूप नस खातो. डायफ्लुप्रेडनेट हा जास्त ताकदीचा थेंब दिला असेल तर हे आणखी गरजेचं. आत जाळीसारखा चिकट थर जमला असेल किंवा बुबुळासमोर खाली पांढरा पू दिसत असेल तर डोळ्याशेजारी स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा काही दिवस तोंडाने गोळ्या देतात. मधुमेह असेल तर गोळ्यांच्या काळात साखर रोज बघा.

बायोलॉजिकचं काय करायचं?

युव्हियायटिसच्या एका झटक्यासाठी बायोलॉजिक स्वतःहून थांबवू नका. साध्या युव्हियायटिसमध्ये पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेलाच घ्यायचं असतं. ताप असेल, कुठला जंतुसंसर्ग असेल किंवा डोळ्यातच हर्पिससारखा संसर्ग निघाला असेल तर मात्र संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही. नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यातूनच त्यांना मेसेज करा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो जोडा. आपल्याकडे हे दोन डॉक्टर क्वचितच एकमेकांशी बोलतात. त्यांच्यातला निरोप्या तुम्हीच, आणि माझ्या मते या आजारात रुग्णाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

सगळी बायोलॉजिक डोळ्याच्या बाबतीत सारखी नाहीत. हे बऱ्याच रुग्णांना सांगितलंच जात नाही, कारण इंजेक्शन पाठीसाठी निवडलेलं असतं. टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू रोखणाऱ्या औषधांनी डोळ्याचे झटके एकंदरीत कमी होतात. २००५ मध्ये एकत्र तपासलेल्या चाचण्यांत औषध न मिळालेल्या रुग्णांमध्ये दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांना वर्षभरात) १५.६ झटके होते, औषध मिळालेल्यांत ६.८. पण याच गटात फरक आहे. अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, गोलिमुमॅब आणि सर्टोलिझुमॅब डोळ्याला चांगलं संरक्षण देतात. १,२५० रुग्णांच्या एका युरोपीय अभ्यासात अडालिमुमॅबने झटक्यांचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. इटॅनरसेप्ट पाठीवर उत्तम चालतं, पण त्याची घडण वेगळी आहे आणि डोळ्याला त्याचा आधार कमी पडतो. काही रुग्णांना तर ते सुरू असतानाच पहिला झटका येतो. सेक्युकिनुमॅब टीएनएफ नव्हे, तर इंटरल्युकिन-१७ हा सूज वाढवणारा दुसरा रेणू रोखतं. पाठ आणि सोरायसिससाठी ते चांगलं औषध आहे, पण युव्हियायटिसवरच्या त्याच्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या २०१९ च्या आणि आंतरराष्ट्रीय संधिवाततज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशींत, वारंवार युव्हियायटिस होणाऱ्या रुग्णाला टीएनएफविरोधी मोनोक्लोनल अँटिबॉडीला, म्हणजे अडालिमुमॅबसारख्या औषधाला, पसंती द्यावी असं म्हटलंय. याचा अर्थ इटॅनरसेप्ट किंवा सेक्युकिनुमॅबवर एक झटका आला की लगेच औषध बदला, असा नाही. वर्षात दोन-तीन झटके येत असतील, किंवा एकच झटका हटत नसेल, तर बदलाचा विषय तुम्ही स्वतः काढायचा. खर्चाचा प्रश्न असतोच. भारतात अडालिमुमॅबचं पहिलं बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये आणलं, त्यानंतर अनेक कंपन्यांची आली, त्यामुळे मूळ ब्रँडच्या किमतीवर अडून बसायला नको.

अडालिमुमॅबवर असूनही झटका आला तर आधी साधे प्रश्न विचारा. डोस चुकले का? खर्च वाचवायला दोन आठवड्यांचं अंतर चार-सहा आठवड्यांवर नेलं होतं का? हे आपल्याकडे सर्रास होतं आणि पाठ ते बरेच महिने चालवूनही घेते, डोळा मात्र घेत नाही. उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रिज तासन् तास बंद होता का? ही इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, बर्फाला चिकटवून गोठवायची नाहीत. आणि झटका दर वेळी पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या दिवसांतच येतो का? तसं असेल तर औषधाची पातळी कमी पडत असेल किंवा शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असतील. काही वेळा सोबत मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासलाझिन जोडून काम भागतं.

जेव्हा हे नेहमीचं नसतं

या संधिवातातला युव्हियायटिस ठरावीक चालीचा असतो: अचानक, एका वेळी एकच डोळा, पुढचा भाग, आणि थेंबांना दाद देणारा. चाल बदलली की कारणही बदललेलं असू शकतं. दोन्ही डोळे एकदम, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळी, दुखणं फार नाही पण नजर झपाट्याने कमी, पुढच्या भागात तुपाच्या थेंबांसारखे मोठे पांढरे ठिपके असं काही असेल तर टीबी आणि सिफिलिसच्या तपासण्या नव्याने करायच्या. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी दबलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि टीबी डोळ्यातही होतो. दोन वर्षांपूर्वी बायोलॉजिक सुरू करताना इग्रा ही टीबीची रक्तचाचणी निगेटिव्ह होती, हे आजचं उत्तर नाही. सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, खोकला असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांना आपणहून सुचेलच असं नाही.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पुरळ असेल तर नागीण. डोळा फिरवताना दुखतो, लाली नाही, लाल रंग फिका दिसतो, नजर मंदावते, असं असेल तर मेंदूकडे जाणाऱ्या नसेची सूज. टीएनएफविरोधी औषधांचा हा दुर्मीळ पण खरा दुष्परिणाम आहे. तेव्हा मात्र पुढचं इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

पुढच्या खेपेची तयारी

एक पान करा: कोणता डोळा, कोणती तारीख, श्रेणी किती, दाब किती, किती आठवड्यांत थेंब संपले, शेवटचं इंजेक्शन कधी होतं. औषध बदलायचं की नाही हे या पानावरून ठरतं, आठवणीवरून नाही.

झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडून लेखी योजना घ्या. काही डॉक्टर जुन्या रुग्णाला स्टिरॉइडची एक बाटली घरी ठेवायला देतात, म्हणजे गावी किंवा प्रवासात असताना पहिले थेंब लगेच सुरू करता येतात. त्याच्या अटी कडक आहेत: लक्षणं अगदी नेहमीसारखी हवीत, कॉन्टॅक्ट लेन्स नको, चिकट घाण नको, पूर्वी डोळ्यात हर्पिस झालेला नको, डोळ्याला मार लागलेला नको, आणि थेंब सुरू केल्यापासून चोवीस तासांत तपासणी झालीच पाहिजे. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची. मागच्या वेळची उरलेली वापरायची नाही.

वारंवार सूज आणि स्टिरॉइड यांमुळे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. ऑपरेशनची घाई नको. डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत असावा लागतो, आणि ऑपरेशनच्या आधीपासून सूज दाबणारी औषधं ठरवून घ्यावी लागतात. बायोलॉजिकचा डोस त्या तारखेच्या आसपास कसा बसवायचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आणि संधिवाततज्ज्ञांनी मिळून ठरवायचं असतं, आणि मान सरळ होत नसेल तर टेबलावर कसं झोपवायचं हेही तारीख घेतानाच सांगून ठेवा.